कुटुंबातील व्यक्ती : दोन

२८ ऑक्टोबर, सोमवार

नोकरी लागली! बेल्फर क्रीकला येऊन जेमतेम नऊ दिवस झाले आणि आज माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे, नेल्डा नावाचं. राज्य सरकारच्या आरोग्य विमा बाजाराची मदतवाहिनी. लोकांनी फोन करायचा, आम्ही त्यांचा अर्ज भरून द्यायचा आणि कोणता विमा परवडेल ते सांगायचं. शेजारी ट्वायला बसते, साठीची, गडगडाटी हसणारी. तिने ग्रेव्हीत बुडवलेलं अर्धं बिस्किट, म्हणजे इथला मऊ पाव, माझ्या पुढ्यात सरकवलं आणि बजावलं, की नोव्हेंबरात विम्याची नोंदणी उघडते, तेव्हा बाथरूमला जायचं असेल तर ऑक्टोबरातच जाऊन घे. खोलीच्या खिडकीतून ओढा दिसतो. दोन वर्षांत पहिल्यांदाच रात्रीचं कुलूप एकदाच तपासलं.

३० ऑक्टोबर

अख्ख्या राज्याला विमा मिळवून देणाऱ्या आम्हाला विमा नाही, कारण आम्ही ठेकेदाराची माणसं. म्हणून नव्यांनी सरावासाठी स्वतःचाच खरा अर्ज भरायचा, अशी इथली पद्धत. आमचा वरिष्ठ प्रेविट याला एका दगडात दोन पक्षी म्हणतो.

नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बायकांना राज्य खऱ्या पत्त्याऐवजी एक टपालपेटी क्रमांक देतं. मी तो लिहिला. अर्जाने घेतला नाही. हप्ता जिल्ह्यावर ठरतो, म्हणून झोपता तिथला पत्ता लागतो. खाली शपथ : सर्व माहिती खरी आहे, खोटी असल्यास शिक्षा. लिहिला मग. ओक स्ट्रीट ४१२, वरचा मजला. हा पत्ता मी आईलासुद्धा दिलेला नाही.

कुटुंबातील व्यक्ती : एक. हे मात्र आवडीने लिहिलं.

८ नोव्हेंबर

फोन थांबत नाहीत. बाहेर हरणांच्या शिकारीचा मोसम, जिकडे तिकडे नारिंगी जाकिटं.

आज कळलं की खाजगी विमा एजंटही कुणाचाही अर्ज उघडू शकतात. नाव, जन्मतारीख आणि राज्य, एवढं पुरतं. ‘ग्राहकाची संमती आहे’ या चौकटीत खूण केली की झालं. ती खूण कोण तपासतं, असं मी प्रेविटला विचारलं. तो म्हणाला, हे सगळं विश्वासावर चालतं. कुणाच्या कुणावरच्या, असं विचारल्यावर त्याने मला फोन उचलायला सांगितलं.

रॉयस, माझा आधीचा नवरा, गाड्यांचे विमे विकतो. गाड्यांचेच. शिवाय अकरा वर्षांच्या संसारात माझा वाढदिवस त्याच्या एकदाही लक्षात राहिला नाही.

१४ नोव्हेंबर

घरी पत्र. आपला एजंट बदलला आहे, अभिनंदन. नाव नाही, नुसता परवाना क्रमांक.

एकदा भरलेला स्वतःचा अर्ज पुन्हा उघडायला आम्हाला बंदी आहे, म्हणून ट्वायलाने उघडला. वैवाहिक स्थिती : विवाहित. माझ्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली. ट्वायलाने शिवी हासडली आणि दुरुस्त केलं.

१५ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा विवाहित. दुरुस्त केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. आता कुटुंबातील व्यक्ती : दोन.

परवान्यांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर खुली आहे. क्रमांक टाकला. रॉयस हॅचर. आरोग्य विम्याचा परवाना सहा नोव्हेंबरपासून. घरचा पत्ता : गोपनीय. त्याचा गोपनीय!

१८ नोव्हेंबर

प्रेविटला सगळं सांगितलं. तक्रार अर्ज दिला त्याने. मुदत तीस कामकाजाचे दिवस. मी म्हटलं,

“माझा पत्ता तेवढा पुसा. बाकी काही नको.”

“पत्ता पुसला तर अर्ज अपुरा राहील ना, नेल्डा.”

टेबलावर मूठ आपटली. सगळं ऑफिस बघत होतं, बघू दे. शेरीफकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांकडे गेले. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्याच माणसाने विमा काढलाय ना, बाई? मग गुन्हा काय झाला?”

माझा पत्ता सक्तीने काढून घेणारे हे. त्याला किल्ली देणारेही हेच. आणि शिक्षेची धमकी मला.

२० नोव्हेंबर

ट्वायला आज हसली नाही. अर्जातला नवा बदल तिने दोनदा वाचला, मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

अर्जदार नेल्डा यांना चालणे, आंघोळ, कपडे घालणे यासाठी मदत लागते का? — हो.

केव्हापासून? — २३ नोव्हेंबर.

तीन दिवस आहेत अजून.

२१ नोव्हेंबर

प्रेविटला दाखवलं. म्हणाला, तारीख पुढची आहे, टंकनदोष असेल. शेरीफचा माणूस म्हणाला, अजून काही घडलेलं नाही.

बरोबर. घडल्यावर यायचं.

२२ नोव्हेंबर

ट्वायला म्हणते, माझ्याकडे ये. उद्या बाराला तिची गाडी येईल. कुठे जातेय ते कुणालाही सांगितलेलं नाही. अर्जात तर नाहीच—

कुलूप चारदा तपासलं.

२३ नोव्हेंबर, सकाळी ११

पिशवी भरली. परवाना क्रमांक या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. नाव पण. ही वही त्याला बाहेरून बदलता येणार नाही—

११.२०

गाडी. ट्वायलाची नाही— नारिंगी जाकीट—

पोलिसांना फोन लावला. पत्ता विचारतायत. सांगितला. खात्रीसाठी पुन्हा सांगा म्हणतायत— ज्याला कळू नये त्याला कळलाय, आणि यांना अजून—

जिना वाजतोय. सावकाश.

मी खरं लिहिलं होतं. एक लिहिलं होतं. खोटं यांनी जपून ठेवलं, आणि आता ते खरं— घरात दोन—