सुटं होणारं टेबल

३ ऑक्टोबर
सासऱ्यांनी माझ्या फळ्या पुन्हा सुतारकारखान्याच्या दाराबाहेर टेकवून ठेवल्या. "कारखान्यात टेबल एकच. माझं." त्यांचं कामाचं टेबल जमिनीत पुरलेलं, तीस वर्षं जागचं हललेलं नाही. त्यांच्यासारखंच.

ठीक आहे. माझं मी बनवते. सकाळी जोडायचं, संध्याकाळी सुटं करून भिंतीला लावायचं. खिळा नाही, स्क्रू नाही – आडव्या पट्टीची जीभ पायाच्या खाचेतून आरपार काढायची आणि जिभेच्या भोकात पाचर ठोकायची. बघू आता कसे नाही म्हणतात.

६ ऑक्टोबर
टेबलाचे पाय रंधून झाले. गिऱ्हाइकासमोर सासरे म्हणतात कसे, "सूनबाईंना घरात करमत नाही." पटाशी हातात होती. खाली ठेवली.

नवरा म्हणाला, "बोलतो मी बाबांशी." बिचारा. आमच्या दोघांत उगाच भरडला जातोय.

९ ऑक्टोबर
सांधा ढिला. सासऱ्यांनी एका बोटानं टेबल हलवलं. "टेबल आहे की पाळणा?" राग टोमण्याचा नाही आला. राग आला तो त्यांचं बरोबर होतं म्हणून. खाच दोन सूत मोठी गेली होती. चारही पाय फुकट.

१० ऑक्टोबर
दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते आवडलं असावं.

१५ ऑक्टोबर
उभं राहिलं! पाचर ठोकत गेले तसतसा सांधा आवळत गेला. सासऱ्यांनी खांदा लावून ढकलून पाहिलं. तसूभर हललं नाही. "हं," म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

१६ ऑक्टोबर
बाजारातून आले तर टेबल सुटं होऊन रस्त्यावर. एका पायावरून गाडी गेलेली – उभा चिरला.

तशीच आत गेले. "बाबा, हे तुम्ही केलंत."

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो. वाट अडत होती."

पुढे मी जे बोलले ते इथेही लिहिणार नाही. नवरा मधे पडला. "जाऊ दे गं, म्हातारा माणूस आहे."

१९ ऑक्टोबर
शिंप्याच्या दुकानामागची खोली घेतली. घर तेच, कारखाना वेगळा. एकेक पट्टी मुद्दाम सासऱ्यांच्या नाकासमोरून नेली. मान वर न करता म्हणाले, "पाचरी मोजून घे." जाताना तरी गप्प बसावं माणसानं.

२६ ऑक्टोबर
शाळेचं काम मिळालं. वीस स्टुलं, सगळी सुटी होणारी. जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मला वाटलं होतं, टेबल मोडलं की तू हा नाद सोडशील."

"मोडलं कुणी?"

तो हात धुवायला उठला.

२७ ऑक्टोबर
सकाळी सासऱ्यांना गाठलं. "टेबल तुम्ही मोडलं नव्हतं. मग हो का म्हणालात?"

करवत थांबली नाही. "तुला जन्म त्याच्याबरोबर काढायचाय. माझ्याबरोबर नाही."