गप्प बसण्याची टाळी

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार (पत्र पलंगाच्या कडेला बसून लिहीत आहे, तेव्हा तो कागदावरच मानून घ्यावा). तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मी नापास झालो.

वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी जपानला जायचे तर बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. जपानीत प्रत्येक ठोक्याला सारखाच वेळ द्यायचा, म्हणून आमच्या बाई टाळ्या वाजवून शिकवतात. अर्ध्या 'न'लासुद्धा पूर्ण टाळी (आमच्या शाळेत यावर छडी मिळाली असती). 'चोत्तो' म्हणजे 'जरा'. त्यात 'चो' झाल्यावर क्षणभर गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्यालाही एक टाळी. ती राहिली की बाई सगळ्यांसमोर विचारतात, "घाई कसली? गाडी सुटतेय का?" मी चार महिने टाळ्या वाजवल्या. आता टाळीशिवाय माझ्या तोंडून शब्दच सरळ निघत नाही.

परीक्षेत पलंगावर रबरी आजोबा होते, खऱ्या माणसाच्या वजनाचे. त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बसवायचे आणि त्याच वेळी म्हणायचे, 'चोत्तो ओकोशिमास ने', म्हणजे जरा उठवतो हं. मी 'चो' म्हटले, आणि गप्प बसण्याच्या जागी माझ्या हातांनी टाळी वाजवली. आजोबांचे डोके पलंगाच्या दांडीवर आपटले. जपानी परीक्षक बाईंनी आधी आजोबांची वाकून क्षमा मागितली, मग उच्चार निर्दोष असल्याचे मला सांगितले (निर्दोष या शब्दाची मी आमच्या बाईंकडून दोनदा खात्री करून घेतली).

शनिवारी शेवटची संधी आहे. आता मी पायाच्या अंगठ्याने ठोके मोजतो आणि सराव आईवर करतो. ती न्हाणीत पडली तेव्हापासून तिला मीच उठवतो, त्यामुळे सरावाला वेगळा वेळ काढावा लागत नाही. काल मध्येच मोजणी चुकली म्हणून तिला तसेच अधांतरी धरून पुन्हा 'चो'पासून सुरुवात केली, तर म्हणाली, "उचलायचं तर उचल रे बाबा, मंत्र कसले पुटपुटतोस?" पण पाडले नाही. अकरा दिवसांत एकदाही नाही.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. पास झालो तर तीन वर्षे. आईला तुम्ही न्याल का? वजन बेचाळीस किलो आहे. डाव्या बाजूने उठवावे, उजवा खांदा दुखतो.

ता. क. (दुसरा) तिला सांगितले का, असे विचाराल. सांगितले आहे, पण जपानीत. एकही ठोका चुकला नाही. ती "बरं" म्हणाली.