दादाच्या गाडीचं गिअर ऑइल

२ फेब्रुवारी, सोमवार
दादाचा फोन. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, या महिन्यानंतर गाडी चालवणं बंद. त्याची जुनी स्पोर्ट्‌स कार बारा वर्षं माझ्या गॅरेजमध्ये आहे. २२ तारखेला येऊन एकदा शेवटची चालवतो म्हणाला. मी म्हटलं, ये तू, लोण्यासारखे गिअर पडतील.
इंजिन आणि ब्रेक मिस्त्रीने गेल्याच महिन्यात केलेत. राहिलं फक्त गिअरबॉक्सचं ऑइल. तेही करतो म्हणाला, बरंच काही सांगत होता. मी नको म्हटलं. काही कामं घरच्याच माणसाने करायची असतात. एका सकाळचं तर काम.

४ फेब्रुवारी, बुधवार
दुकानदाराने विचारलं, गिअर ऑइल जीएल-४ देऊ की जीएल-५? मी म्हटलं, पाच. चारपेक्षा पाच बरंच असणार. घरी येऊन नेटवर वाचलं, तर पाचमधलं रसायन जुन्या गिअरबॉक्समधलं पितळ खातं. आपल्या गाडीत पितळी रिंगा आहेत! डबा परत केला. दुकानदार हसला. अडाणी माणूस.
संकल्प: पूर्ण अभ्यास झाल्याशिवाय थेंबही घालायचा नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
अभ्यास जोरात. नेटवर एक म्हणतो पातळ घाला, दुसरा म्हणतो जाड, तिसरा म्हणतो सरळ इंजिन ऑइल ओता. तिघांची जुंपलेली. सगळं वाचलं. दुपारी लक्षात आलं, भांडण सतरा वर्षांपूर्वीचं आहे. पाठ धरली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ही म्हणाली, गाडीच्या पुस्तिकेत बघा की. नेमका त्याच पानावर तेलाचा डाग. हिने पान उजेडात धरून वाचून दाखवलं: जीएल-४, जाडी ८०-९०. मी म्हटलं, तेव्हाची ऑइलं वेगळी होती. ही म्हणाली, गिअरबॉक्सही तेव्हाचाच आहे ना?


१७ फेब्रुवारी, मंगळवार
दादाने विचारलं, तयारी कुठवर? म्हटलं, शेवटच्या टप्प्यात. मग म्हणाला, डावीकडचं आता धूसर दिसतं रे. सकाळी रस्ता मोकळा असतो ना? म्हटलं, असतो.
फोन ठेवल्यावर काही करवलं नाही. उद्या नक्की निर्णय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
निर्णय झाला, डबाही आणला. जीएल-४, ८०-९०. पुस्तिकेतही तेच आहे, पण मी तिथे स्वतंत्रपणे पोहोचलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी १०. गिअरबॉक्सचं खालचं बूच पान्याने उघडलं. जुनं ऑइल काढून टाकलं. निम्मं बाहीत गेलं. काम फत्ते.
दुपारी १. नवं भरायचं बूच वर, बाजूला असतं. सुटत नाही.
दुपारी ३. सुटत नाही. कोपरे झिजले, पाना नुसताच गोल फिरतो.
संध्याकाळी ५. गिअरबॉक्स कोरडा, आत जायला वाट नाही. ही म्हणाली, आधी वरचं बूच सुटतं का बघून मगच खालचं उघडायचं असतं. म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, मिस्त्रीने. तुमच्यासमोरच सांगत होता.
उद्या ताज्या दमाने बघू.

२२ फेब्रुवारी, रविवार
दादा आठलाच आला. मी गाडीखाली. त्याला नुसते माझे पाय दिसले असतील. सगळं सांगितलं. म्हणाला, असू दे रे, नुसता बसतो आत. बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर गॅरेजची भिंत. मला बघवेना. मिस्त्रीला फोन केला.
सुट्टीचा दिवस असूनही आला. बूच तापवून दहा मिनिटांत काढलं, माझ्याच डब्यातलं ऑइल भरलं, दुसरं बूच लावलं. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.
गाडीत दोनच सीट. मी दार उघडलं, तर दादा म्हणाला, मिस्त्रींना बसू दे, वाटेत काही झालं तर? बरोबरच होतं. मी फाटक धरलं. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. जराही आवाज नाही. वळणावरून दिसेनासे झाले.
तासाभराने परत आले. दादा उतरून बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग मिस्त्रीला म्हणाला, गिअर काय सुरेख केलेत हो तुम्ही. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं, हो, हात चांगला आहे त्यांचा.