वाटीभर तेलात दहा थेंब

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी सकाळी अंघोळ करून देवापुढे दिवा लावला आणि मग तुझी बाटली भरली. दुकानामागे लावलेला गवती चहा कापून, नव्या भट्टीवर वाफ धरून काढलेलं हे पहिलं तेल. एवढाल्या भाऱ्यांतून जेमतेम तांब्याभर निघालं. चार बाटल्या विकायला मांडल्या, पण पहिली तुझी.

तलावावर मुलींना पोहायला शिकवून कातडी कोरडी पडते, असं तू लिहिलं होतंस. हे तेल थेट लाव, चेहऱ्याला, मानेला. नातीला मालिश करशील तेव्हा तिलाही. तुझी वहिनी म्हणत होती, तिळाच्या तेलात मिसळून द्या. मी तिच्यावर उखडलोच. बाबांनी जन्मभर घाणा चालवला, पण तेलात तेल मिसळलं नाही. 'भेसळ नाही' ही पाटी त्यांच्या हातची. ती डोक्यावर असताना माझा हात कसा धजावेल? मी स्वतः तळहाताला चोळून पाहिलं आहे, काही होत नाही.

नात आता हसते का, ते कळव. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: नात सुखरूप आहे. तिला तुझं तेल लावलेलं नाही. आता बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

बाटली उघडली तर घरभर वास. नातीला दुपट्यावर उघडी निजवली होती. मी हातावर तेल घेतलंसुद्धा. तेवढ्यात मनात आलं, दादाने पहिली बाटली माझ्यासाठी भरली आहे, तर पहिला मान माझा. म्हणून आधी स्वतःच्या गळ्याला चोळलं. हात तिच्या पोटाकडे नेणार, तोच गळा पेटला! मिरची वाटून लावल्यासारखा. पाणी ओतलं तरी आग हटेना. लेक औषधांच्या दुकानात धावली. तिथल्या बाईंनी सांगितलं, आधी खाण्याच्या साध्या तेलाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. तेव्हा कुठे जिवात जीव आला. गळा लालभडक झाला होता, आता खपली धरून निवतो आहे. माझ्या हावरटपणाने पोर वाचली, असं लेक सगळ्यांना सांगत सुटली आहे.

आणि दादा, तू पाहिलंस कुठे, तर तळहातावर! जन्मभर पेंड उपसून घट्टे पडलेला तुझा तळहात. त्यावर निखारा ठेवला तरी तू विचारशील, कोण आलं? त्या बाई म्हणाल्या, असं तेल फार जहाल असतं, साध्या तेलात थेंबांनी घालायचं, तेही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहून. डोळ्यांजवळ न्यायचं नाही. तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही.

बाबा मिसळत नसत, कारण त्यांना गिऱ्हाइकाला फसवायचं नव्हतं. भाजीत मीठ घातलं तर त्याला कोणी भेसळ म्हणत नाही, आणि शुद्ध आहे म्हणून कोणी मूठभर मीठ खातही नाही. मांडलेल्या बाटल्या आधी उचल. वहिनीची माफी माग. रागावले नाही, पण घाबरले फार. लोभ आहेच, तो जरा सांभाळून लाव!

तुझी,
धाकटी

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. बसायला तू सांगितलंस, पण पाय ऐकेनात. देवापुढे गेलो तर मागायचं काही उरलं नव्हतं, नुसते हात जोडले.

मग बाटल्या उचलल्या. दोन गेल्या होत्या. न्हाव्याने बाटली उघडलीच नव्हती. म्हणाला, घाण्याच्या मालकाने घाईने दिलेली वस्तू आधी आठवडाभर बघून घ्यावी. शिक्षकबाई ते बादलीत टाकून फरशी पुसत होत्या आणि डास गेले म्हणून खूश होत्या. मी बाटली परत मागितली तर माझ्यावरच रुसल्या. कोणाच्या अंगाला काही झालेलं नाही. परत येताना घाम पुसला तेव्हा कळलं, आपण वाटभर पळत होतो.

तुझ्या वहिनीसमोर चूक कबूल केली. ती म्हणाली, माझं ऐकायला तुम्हाला बहिणीचा गळा भाजावा लागला.

तरी मिसळायला बसलो की नजर पाटीकडे जायची आणि झाकण पुन्हा लागायचं. असं बरेचदा झालं. तू म्हणतेस ते पटलं होतं, हातालाच पटत नव्हतं. शेवटी वाटलं, बाबा लपवण्याच्या विरोधात होते. मी लपवणारच नाही.

परवा वाटीभर तिळाच्या तेलात गवती चहाच्या तेलाचे दहा थेंब टाकले. कोपराच्या आत लावलं आणि दिवसभर बाही वर करून हिंडलो. गिऱ्हाइकं विचारत होती, कोणाशी भांडायला निघालात? खाज नाही, लाली नाही. आज सकाळी बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली: कशात काय मिसळलं, किती मिसळलं, आधी कोपराला लावून पाहा, लहान मुलांना लावू नका.

गळा पुरता बरा होईपर्यंत तू हेही लावू नकोस. नातीसाठी नुसतं तिळाचं तेल वेगळं पाठवतो आहे.

बाबांच्या पाटीवरची धूळ पुसून ती आहे तिथेच ठेवली, आणि तिच्या बरोबर खाली या बाटल्या मांडल्या.

तुझा,
दादा