पिशव्यांमधली माती

प्रिय निमेशदादा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गणपतीनंतर तात्यांनी रायणीच्या रोपांवर चिकूची कलमं बांधली. त्यातली बहुतेक धरली नाहीत.
२. तात्या म्हणाले, दोष मातीचा. पिशव्यांमध्ये ती माती मी भरली होती.
३. परवा फोनवर तू म्हणालास, "दिशाचे पुस्तकी प्रयोग पुरे झाले."
४. तुम्हा दोघांचं ठरलं, की येत्या शनिवारी विहिरीमागची माझी जंगली झाडांची रोपं टेम्पोत भरून बोईसरला न्यायची, कोणी घेईल त्याला द्यायची आणि ती जागा कलमांना मोकळी करायची.
५. मी काही बोलले नाही.

पाचव्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे. तात्यांच्या शेजारी बसून फोनवर हे सांगता येत नाही, आणि लांब मेसेज तू पुरता वाचत नाहीस. म्हणून चिकूच्या टेम्पोबरोबर कागद पाठवते आहे.

मातीबद्दल थोडं. तांबड्या मातीत मी शेणखताबरोबर भाताचा तूस आणि नारळाचा भुसा मिसळते. त्यात पाणी साचत नाही आणि मुळं सरळ खाली जातात. नुसती तांबडी माती उन्हाळ्यापर्यंत विटेसारखी होते, मग मुळं पिशवीच्या तळाशी गोल फिरत बसतात. असं रोप पुढे जमिनीत लावलं तरी त्याची मुळं गोलच राहतात. झाड मोठं होतं, एखाद्या वादळात आडवं पडतं आणि दोष वाऱ्याला मिळतो. बिवळा, कुंभा, हेद ही माझी रोपं त्याच मातीत वाढली आहेत. कधी आलास तर एखादी पिशवी फाडून मुळं बघ.

रायणीचं तुला माहीत आहे. कलम फसलं की जोडाच्या खालून रायण स्वतःचा फुटवा काढते. तात्यांच्या लेखी ते रोप वाया गेलं, ते उकिरड्यावर जातं. यंदा मी ती उचलून मोठ्या पिशव्यांत लावली. शेवटी रायण आपल्याच रानातलं झाड आहे, कलम नसलं तरी ते जगतं. तात्या येता-जाता म्हणतात, "काय, अनाथाश्रम कसा चाललाय?" मी म्हणते, "भरलाय." प्रत्येक रोपाच्या बुंध्यावर कापाचा वण आहे.

ते वण मी नीट पाहिले. लहानपणी तात्यांनी घेतलेल्या कापावर आपण बोट फिरवायचो, काचेसारखा गुळगुळीत लागायचा. ते ओरडायचे, "हात लावू नका रे, त्याला ताप येईल!" यंदाच्या कापांवर पायऱ्या आहेत. रायणीचा काप आणि चिकूचा काप एकमेकांना नीट टेकलेच नव्हते, मधे फट होती.

मलाही आधी मातीचाच संशय आला होता. म्हणून काही पिशव्यांत मी त्यांची जुनी, नुसती तांबडी माती भरली आणि न सांगता त्यांच्यापुढे ठेवल्या. तीही कलमं फसली. मग ज्या चिकूच्या फांद्यांना तात्या रायणीच्या पिशव्या टांगून कलमं बांधतात, त्याच झाडावर, माझ्या मातीतल्या रायणीवर मी स्वतः कलमं बांधली. ती धरली. तात्यांनी ती पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, "ह्या फांदीला सावली आहे." मी हो म्हटलं. त्या फांदीवर दिवसभर ऊन असतं.

आणखी एक. तात्यांनी बशीतून चहा पिणं सोडलं आहे. अर्धा कप घेतात, दोन्ही हातांनी धरून. पिशव्या भरायला येते ती कमळी म्हणाली, "तात्या, बशी नाय घेत आता? सायेब झालात का काय?" तात्या म्हणाले, "पोरगा बोईसरला साहेब हाय, बापाने नको व्हायला?" सगळे हसले, मीही हसले. कप खाली ठेवल्यावर त्यांचा उजवा हात मांडीवर होता. काही करत नव्हता, तरी अंगठा हलत होता. माझ्याकडे बघून त्यांनी तो हात खिशात घातला.

याला काय म्हणतात ते डॉक्टर सांगतील. मी वनशास्त्र शिकले आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तात्यांना मी सांगितलं, तर ते मातीच्या भांडणात मी दिलेलं उत्तर ठरेल आणि ते पुन्हा चाकूला हात लावणार नाहीत. म्हणून दोष मातीकडेच राहू दे. पुढच्या वर्षी त्यांच्या पिशव्यांत मी जुनी माती भरेन. तूही त्यांच्याजवळ हा विषय काढू नकोस.

शनिवारी टेम्पो पाठव. दवाखान्यात जायला तात्या कधीच निघणार नाहीत, पण रोपं नीट पोचवायची म्हटल्यावर ते चालकाशेजारी बसतील, हे मला माहीत आहे. तू बोईसरला थांब. रोपं उतरली की त्यांना जेवायला ने आणि तिथून मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे. कारण तुझं तू शोध, माझं नाव येऊ देऊ नकोस. वेळ आधी घेऊन ठेवावी लागेल. बिवळा, कुंभा, हेद न्यायला माझी हरकत नाही. फक्त पावसाळ्यापर्यंत पाणी घालणारा माणूस बघून दे. रायणीची रोपं मी देणार नाही. ती विहिरीमागेच राहतील.

डॉक्टरांची वेळ मिळाली की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव. तात्यांच्या फोनवर नको, माझ्या फोनवर.

तुझीच,
दिशा