गच्चीवरची तांबडी रजई

ता. ४, सोमवार

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

इकडे सगळे धडधाकट, माझे गुडघे सोडून. पत्र लिहिते, कारण फोनवर तुझं अर्धंच ऐकू येतं आणि अर्धं ऐकलं की मी दुप्पट घाबरते. चुका काढत बसू नकोस. दुसरीनंतर शाळेला माझी गरज उरली नाही.

तुझा बाप सांगत होता, समुद्रापार उडणाऱ्या मोठ्या विमान कंपनीनं तुला बोलावलंय आणि तू उत्तरच देत नाहीस. म्हणे या चिमुकल्या कंपनीतच केस पांढरे करणार. का गं? तुझं विमान मी पाहिलंय. दोन पंखे लावलेला टेम्पो. डोंगराकडून वारा सुटला की सैल दातासारखं हलतं. मोठं विमान म्हणजे म्हैस. वाऱ्यानं म्हैस उडाल्याचं मी अजून ऐकलं नाही.

परवा धुकं होतं. तुझ्या यायच्या वेळेला मी नेहमीसारखी गच्चीच्या कठड्यावर तांबडी रजई टाकून उभी. तू या मार्गावर आलीस तेव्हापासूनचं आपलं ठरलेलं: रजई दिसली की आजी जिवंत. तू इथं उतरतेस आणि माणसं रिकामी करून लगेच परत उडतेस, तेव्हा भेट म्हणायची ती एवढीच. तर आवाज आला, डोक्यावरून खाली गेला, एकदम भडकला आणि वर निघून गेला. मग काहीच नाही. मी टाकीचा पाइप धरून उभी. पुन्हा घरघर ऐकू आली तेव्हा कळलं की मी मधे श्वासच घेतला नव्हता. या वयात हे खेळ परवडत नाहीत.

तेव्हा सांगून ठेवते. त्या मोठ्यांना हो म्हण. नाहीतर मी रजई घालणार नाही. मग बस शोधत, म्हातारी आहे की गेली.

लोभ आहे तेवढा पुष्कळ, अक्कल तेवढी वाढू दे.

आजी


ता. ९, शनिवार

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. टेम्पोचं मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कप्तान. अख्खी नोकरी याच कंपनीत काढली, आता निवृत्त होतील. हसून हसून त्यांचा चष्मा पडला.

धुक्यातलं विमान माझंच. ठरलेल्या उंचीवर आलं तरी धावपट्टी दिसली नाही, तर वर निघून जायचं आणि पुन्हा यायचं. ती चूक नव्हे, आजी, तेच आमचं काम.

बाबांना सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तुला सांगते. मला इथंच राहायचंय. इथल्या प्रत्येक डोंगराची खोड मला माहीत आहे. माझ्या मागं बसतात ते कुणी ऑपरेशनला निघालेलं, कुणी परीक्षेला, कुणी मयताला. भीती वाटत नाही असं नाही. पण इथली भीती ओळखीची आहे. कुठल्या वळणावर गाठणार ते ठाऊक असतं.

रजई मात्र काढू नकोस. शेवटच्या वळणावर माझी मान आपोआप डावीकडे जाते.

लोभ असावा, धमक्या नसाव्यात.

तुझी भिंगरी


ता. १३, बुधवार

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे पत्र मिळताच लिही. काल मी रजई घातली नाही. बोलले तसं करणारी बाई आहे मी, माहीत आहे तुला. गच्चीवर मात्र गेले, टाकीच्या आड उभी राहिले. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. धुकं नाही, वारा नाही. तुझं विमान आलं, वळलं, इतकं खाली आलं की खिडक्या दिसल्या, आणि किंचाळत वर गेलं. लख्ख उजेडात, भिंगरी! धावपट्टी काय कुणी उचलून नेली होती?

मग फिरून आलं नि उतरलं. तोवर मी पायरीवर बसले होते. तुझा बाप म्हणतो, काहीतरी तांत्रिक असेल. त्याला मिक्सर बंद पडला तरी तांत्रिकच वाटतं. मला वेगळंच वाटतंय आणि ते लिहायला हात धजत नाही.

रजई आता घातली आहे. चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्यात. पाऊस पडला तरी काढणार नाही.

बाकी लोभबिभ राहू दे, आधी उत्तर.

आजी


ता. १६, शनिवार

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुला जे वाटलं तेच झालं. वळणावर डावीकडे पाहिलं. कठडा मोकळा. पुन्हा पाहिलं. तू गेली असतीस तर बाबांनी कळवलं असतं, हे मला कळत होतं, पण त्या वळणावर कळत नव्हतं. नजर परत आणली तेव्हा वेग ठरल्यापेक्षा खाली गेला होता. शेजारी मामा होते. त्यांनी फक्त म्हटलं, वर चल. मी वर नेलं.

कुणाला काही झालं नाही. डोळ्याला पट्टी बांधलेल्या एक बाई उतरताना म्हणाल्या की, गाव दाखवायलाच फेरी मारलीत ना, मला मेलीला नेमकं दिसत नव्हतं.

ऑफिसात मीच जाऊन सगळं सांगितलं. माझी पुन्हा तपासणी होईपर्यंत मी जमिनीवर, उडायचं नाही. आजी, ही भीती माझ्या ओळखीची नाही. वाऱ्याची नाही, माझ्याच मानेची आहे. आता वाटतं, मोठ्या कंपनीत गेलेलं बरं. तिथं वाटेत कुणाचं घर लागत नाही. त्यांना या महिन्यातच उत्तर द्यायचंय. काय करू, सांग.

लोभ होता तसाच असू दे.

तुझी भिंगरी


ता. २०, बुधवार

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझे मामा काल इथं येऊन गेले. घर विचारत विचारत आले, थेट गच्चीवर चढले आणि कठड्यापाशी उभे राहून तुझ्या वळणाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हातारीची खरडपट्टी. चहा ठेवला. रागावलेल्या माणसाला गरम चहा द्यावा, तोंड भाजलं की सबुरीनं बोलतो. पण ते म्हणाले, चांगली जागा आहे, मीही पाहिलं असतं.

मी विचारलं, जन्मभर या टेम्पोत का राहिलात, पुढं जायची हौस नव्हती का? म्हणाले, बोलावणी आली होती, पण मी जातीचा भित्रा. जिथं कशाला भ्यायचं ते पाठ आहे, तिथंच राहिलो. हे सांगताना माणूस लाजला नाही. तुझ्याबद्दल म्हणाले, चुकली, वर गेली आणि स्वतः जाऊन सांगितलं. तिच्या विमानात मी माझ्या बायकोला बसवीन. मी म्हटलं, बायकोला काय बसवता, स्वतः बसा. तर म्हणाले, पुढच्या खेपेलाही शेजारी मीच आहे.

आता नीट वाच. रजई फाडली. एक तुकडा गुडघ्यांखाली घेते, दुसरा दाराशी टाकलाय. आपलं ठरलेलं मोडलं. यापुढं गच्चीवर मी नाही. तू वर असताना मी जिवंत नाही आणि मेलेलीही नाही, असं धरून चालायचं. उद्या खरंच गेले, तरी तुला संध्याकाळी कळलं तर काय बिघडलं? मेलेल्या माणसाला घाई नसते. तू आधी उतर.

कुठं राहायचं ते तू ठरव. पण माझ्या कठड्याला घाबरून समुद्रापार पळू नकोस. तिथंही मान वळेल, आणि खाली नुसतं पाणी असेल.

मी घरात बसून घाबरत जाईन. ते काम माझं, तू त्यात हात घालू नकोस.

लोभ न सांगता कळावा.

आजी


ता. २६, मंगळवार

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

मोठ्या कंपनीला ‘नाही’ म्हणून कळवलं. तपासणी झाली. आज तुझ्या गावावर आले. वळणावर मान लोखंडासारखी झाली होती, पण समोरच ठेवली. धावपट्टी, वेग, धावपट्टी. उतरले. पंखे थांबले, लोक उतरले आणि मग मी पट्टा सोडायचंच विसरले, कारण तू आहेस की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबांना फोन करता आला असता. केला नाही. तूच लिही. लवकर लिही.

लोभ, आणि उत्तर, दोन्ही असावं.

तुझी भिंगरी


ता. २८, गुरुवार

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आहे.

आजी