खलनायकाचे पूर्वचरित्र

१० ऑक्टोबर १९९६, नवागाम
खलनायकाचे अकरा पृष्ठांचे पूर्वचरित्र आज सिद्ध. बाल्य, अवमान, अग्निकांड, सूडप्रतिज्ञा. वाचताना स्वतःच गहिवरलो. गल्लीतला दिनकर लग्नांचे व्हिडिओ काढतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणून कॅमेरा रिकामा. तेवढ्यात आमच्या गल्लीचा पहिला अतिमानवपट 'विद्युत्पुरुष' पूर्ण व्हायचा. न झाल्यास कॅमेरा लग्नसराईस अर्पण, आणि माझी प्रतिभा पुनश्च बारशाच्या पत्रिकांत.
सौ. : "अकरा पानं? माणूस वाईट आहे, एवढंच ना सांगायचंय?"
साहित्याचा गृहशत्रू.

२६ ऑक्टोबर
विद्युत्पुरुषाची (दिनकरचा मेहुणा, उदराच्छादनार्थ प्रावरण मोठे घेतले) उड्डाणे संपन्न. खलनायक भिका, लूमवर कापड विणणारा कारागीर, रात्रपाळी करून सकाळी येई. काळा बुरखा चढवी आणि जांभया आवरीत गर्जे. बुरख्याविना पूर्वचरित्राचे चित्रीकरण तेवढे शेवटास ठेवले होते. आज भिका म्हणाला, "भाऊ, मन्ही पाळी बदलनी. आते दिनपाळी. शेठ सोडाव नही. मंग दिवाळीले गाव."
पंधरवड्याने पाळी बदलते, हे नवागामात तान्ह्या बाळासही ठाऊक. दिग्दर्शक दिनकर व पटकथाकार मी मात्र अनभिज्ञ. दुसरा नट घ्यावा, तर भिकाएवढा उंच देह गल्लीत नाही.
दिनकर : "काका, ती पानं सोडा. नाहीतर पिक्चर सोडा."
रात्री जेवलो नाही. (नंतर थोडे जेवलो.)

३१ ऑक्टोबर
दिनकरकडे प्रसंग जोडून सिद्ध झालेली कॅसेट पाहिली. मूक निषेध म्हणून पाय पसरून बसलो. बंद कारखान्याचे दार उघडते, बुरखाधारी भिका उभा. कोण, कुठला, कशासाठी, काही नाही. सौ.ने विचारले, "हा आला कुठून?" आणि उठून आमच्या खोलीची कडी लावून आली.
निषेध मागे घेतला. पाय आपोआपच जवळ आले होते.
विचारांती : ज्याचे कारण कळते, त्याच्याशी तडजोड संभवते. ज्याचे कळत नाही, त्याला केवळ अडवावे लागते. अडवण्यासाठीच तर अतिमानव जन्मतो. माझ्या अग्निकांडानंतर विद्युत्पुरुषाला बिचाऱ्याचे सांत्वन करावे लागले असते. व्हिडिओ सेंटरवरच्या विलायती चित्रपटांतही जो दुष्ट स्वतःचे बालपण सांगू लागे, त्याच्या वेळी प्रेक्षक चहाला उठत. हे पाहूनही मी अकरा पाने...

२४ नोव्हेंबर, रविवार
कॅमेरा लग्नाला गेला. चित्रपट मात्र झाला! आज गल्लीत टीव्ही मांडून प्रयोग. भिका गावाहून परतून प्रेक्षकांत. तो पडद्यावर आला आणि शेंगांच्या टरफलांचा आवाजही थांबला.
नंतर 'हा कोण' यावर महायुद्ध.
"शेठचा माणूस असणार."
"हट्! जळालेल्या कारखान्यातला कामगार आहे तो."
"माझ्या दिरासारखाच उभा राहतो मेला."
प्रत्येकाने रचलेले पूर्वचरित्र माझ्याहून सरस. दिनकर पुढच्या चातुर्मासात दुसरा भाग म्हणतो. मी 'पाहू' म्हणालो, अर्थात आरंभ मनात झालाही.
पांगापांग झाल्यावर भिका जवळ आला. "भाऊ, आते माले तरी सांगा. मी कोन शे?"
अकरा पृष्ठे मुखोद्गत. तोंड उघडले. सौ. दारातून पाहत होती.
म्हणालो, "तुला काय वाटतं?"
भिका ओट्यावर बसला. मग बोलू लागला, आणि मी त्या अकरा पृष्ठांच्या कोऱ्या पाठींवर ते उतरवू लागलो.